गवंड्याच्या आधी ओटी: अपंगत्वानंतर घरात बदल करण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून असेसमेंट कसं करून घ्यावं

सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी मोठ्या तत्परतेने प्लंबरला बोलावलं आणि संडासात स्टीलचे दोन जाड बार बसवून घेतले. दोन्ही कमोडच्या उजवीकडे, कारण भिंत तिकडेच होती. दुसऱ्या दिवशी बाबा कमोडवर बसले. उजवा हात मांडीवर निपचित, आणि डावा हात पोटावरून आडवा जाऊन बार चाचपतोय. बार हाताला लागला, पण त्याच्या आधाराने उठता काही येईना. आठवड्याभराने आलेल्या थेरपिस्ट बाईंनी कमोडभोवती उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली एक सुटी चौकट मागवायला सांगितली. ड्रिल लागलं नाही, टाइल फुटली नाही. ते बार आता टॉवेल वाळत घालायला बरे पडतात.

म्हणून क्रम सांगते: आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मग गवंडी.

नेमकं कोणाला शोधायचं

सरकारी मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे हे काहीतरी नोकरीधंद्याचं असावं असं लोकांना वाटतं. बोलताना सगळे ‘ओटी’च म्हणतात आणि तिथेही गोंधळ आहेच. हॉस्पिटलात ओटी विचारलं की वॉचमन ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतो, आणि घरी आजीला ‘ओटीच्या बाई येणार आहेत’ म्हटलं तर ती खणनारळ काढून ठेवेल.

ढोबळ फरक असा: फिजिओथेरपिस्टचा भर सांधे, स्नायू, ताकद आणि चालणं यांवर असतो. ओटीचा भर दिवसभरातल्या कामांवर असतो. अंघोळ, संडास, कपडे घालणं, जेवणं, चहा करणं, पलंगावरून खुर्चीत जाणं. माणूस, त्याचं काम आणि त्याचं घर यांचा मेळ कुठे बसत नाही ते शोधणं हे ओटीचं काम. घरातले बदल त्यातूनच ठरतात.

आपल्याकडे हे शास्त्र नवीन नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आज केईएम, नायर, सायन ही मुंबईची पालिका रुग्णालयं आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे हा पदवी अभ्यासक्रम चालतो. साहजिकच तिथे ओटीची ओपीडीही असते. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. खाजगी थेरपिस्ट असेल तर पदवी ऑक्युपेशनल थेरपीचीच आहे ना आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे बेधडक विचारा.

केव्हा विचारायचं

पेशंट वॉर्डात असतानाच. राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगा, ‘घरी नेण्याआधी ओटी रेफरन्स हवा आहे.’ तिथे ओटी असेल तर ते पेशंटला तिथेच पाहतील आणि निदान पहिल्या आठवड्यापुरतं काय आणायचं ते सांगतील. घरी प्रत्यक्ष येणारे बहुतेक खाजगी असतात. फोनवरच तीन गोष्टी ठरवून घ्या: व्हिजिटची फी किती, येण्याजाण्याचे पैसे वेगळे का, आणि लेखी रिपोर्ट मिळणार का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तोंडी सल्ला प्लंबरपर्यंत पोचेतो निम्मा होतो.

गावाकडे कोणी येण्यासारखं नसेल तर व्हिडिओ कॉलवरही बरंच काम होतं. फक्त टेप धरायला घरातलं कोणीतरी हवं.

ते येण्याआधी

घर आवरू नका! पाहुणे येणार म्हणून पायपुसणी गुंडाळून ठेवायची, चपलांचा ढीग हलवायचा, ही आपली सवय. पण रात्री दोन वाजता माणूस ज्या घरातून चालत जातो तेच घर त्यांना दिसायला हवं.

दोन दिवस एका वहीत नोंद ठेवा. कधी उठले, संडासला किती वेळा, रात्री किती वेळा, कुठे कोणाचा हात लागला, कुठे तोल गेला. जे पेशंटची काळजी घेतात त्यांच्या पाठीचं दुखणंही लिहा. आई 70 वर्षांची असेल तर तिला काय उचलवतं हा असेसमेंटचाच भाग आहे. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी हाताशी ठेवा.

मापं आधी घेतलीत तर वेळ वाचतो. दाराचं माप चौकटीचं घेऊ नका. दार काटकोनात उघडा आणि दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. आमच्या बाथरूमचं दार 75 सेंटिमीटरचं म्हणून घेतलं होतं. प्रत्यक्षात मोकळे 64 भरले, आणि दुकानात पाहिलेली व्हीलचेअर 66 ची होती. याशिवाय पलंगाची उंची (गादीवर बसल्यावर, कारण गादी दबते), कमोडची उंची, प्रत्येक उंबरठा आणि इमारतीच्या दारातल्या पायऱ्या मोजा.

त्या दिवशी काय होतं

चांगला थेरपिस्ट आधी घर बघत नाही, माणूस बघतो. ‘बाबा, नेहमी उठता तसे उठा,’ असं म्हणतो आणि बाजूला उभा राहतो. इथे घरच्यांची कसोटी असते, कारण आपला हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. पडायची वेळ आली तर थेरपिस्ट सावरायला तयारच असतो. मग संडासापर्यंत चालणं, बसणं, उठणं, अंघोळीच्या स्टुलावर बसून तांब्याने पाणी घेणं, सदऱ्याची बाही घालणं, असं एकेक करून दाखवायला सांगतात. बहुतेकदा प्रत्येक कामाला गुण असतात. बार्थेल इंडेक्स नावाच्या मोजपट्टीत शंभरपैकी. पुढे सुधारणा झाली की नाही हे त्या आकड्यावरून कळतं.

नजर, विसराळूपणा, एका बाजूकडे लक्षच न जाणं हेही ते तपासतात. पॅरालिसिसनंतर काहींना डावीकडचं ताट दिसतच नाही. अशा माणसासाठी डाव्या भिंतीवरचा बार असून नसल्यासारखा.

पेशंटला बोलू द्या, ही माझी कळकळीची विनंती. ‘त्यांना काही जमत नाही हो’ हे वाक्य आम्ही त्यांच्यासमोर तीनदा म्हटलं. बाईंनी त्यांनाच विचारलं, ‘काय एकट्याने करायला आवडेल?’ ते म्हणाले, ‘दार आतून लावायचंय.’ आमच्या यादीत हे नव्हतंच.

रिपोर्टमध्ये काय मागायचं

‘बाथरूममध्ये ग्रॅब बार लावावा’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट घेऊ नका. कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती सेंटिमीटरवर, आडवा की तिरका, हे हवं. हाताने काढलेलं चित्र असेल तर फारच उत्तम. आणि कामांचा क्रम लावून मागा: आज काय, महिन्याभरात काय, थांबून काय.

थांबून करायच्या कामांना खरंच थांबा. झटक्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते. तेवढ्यात बाथरूम फोडून मोकळे झालात, तर वेगळ्याच अवस्थेतल्या माणसासाठी खर्च केलात. तोवर कमोड चेअर, पलंगाखाली ठोकळे, रात्रीचा दिवा. (आजार वाढत जाणारा असेल, पार्किन्सनसारखा, तर हिशेब उलटा, तिथे पुढचं बघूनच काम काढावं लागतं.)

काम करून घेताना

संडासाचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. बाबांची आतून दार लावायची हौस अशीच भागली.

पोकळ विटांच्या भिंतीत स्क्रूसाठीचा नेहमीचा प्लग टिकत नाही, गवंड्याला ठणकावून विचारा. बार बसल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने त्याला लटकून पाहावं. मोरीचा उंबरठा सरसकट फोडू नका. उतार नीट दिला नाही तर पाणी हॉलमध्ये येतं आणि वॉटरप्रूफिंग गेलं तर खालच्यांच्या छतातून.

रॅम्पचं गणित सरळ आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दारात 15 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर रॅम्प 3.6 मीटरचा होतो. ‘चार फुटांत बसवून देतो’ म्हणणारा घसरगुंडी बांधतोय.

सोसायटी आणि पैसा

जिन्याला कठडा किंवा दारात रॅम्प म्हणजे सामाईक जागा. सेक्रेटरीला तोंडी सांगू नका. अर्ज द्या, सोबत ओटीचा रिपोर्ट आणि चित्र जोडा, आणि पोच घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ही वेगळी प्रक्रिया आहे. त्यावरची टक्केवारी म्हणजे घराचं असेसमेंट नव्हे, पण सवलतींना तीच लागते. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम 80डीडीखाली 75,000 रुपयांची वजावट मिळत आली आहे, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. त्यातून काय मिळू शकतं ते पंचायतीत जाऊन विचारा, जाताना रिपोर्टची झेरॉक्स न्या.

काम झाल्यावर थेरपिस्टना पुन्हा एकदा बोलवा. आमच्याकडे दुसऱ्या व्हिजिटला त्यांनी एकच बदल सांगितला: साबणाची वडी डाव्या हाताला, दोरीत ओवून नळाला बांधा.