जवसाचं जेल लावून केसांना लाटा

पाव वाटी जवस २ वाट्या पाण्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. सतत ढवळा, नाहीतर बिया तळाला चिकटतात. ७-८ मिनिटांत फेस येतो. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच सुती कापडातून गाळा. गार झालेलं जेल बियांना सोडतच नाही.

लावायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. केसांतून पाणी निथळत असतानाच लावा. अर्धवट वाळलेले केस आधीच पिंजारलेले असतात, मग जेल तेच पिंजारलेपण धरून ठेवतं. खांद्यापर्यंतच्या केसांना २ चमचे पुरे. डोकं खाली झुकवून केस टोकांकडून मुळांकडे मुठीत दाबा. पचपच आवाज आला पाहिजे. नाही आला तर ओंजळभर पाणी घ्या. जुन्या सुती टीशर्टने टिपा, टॉवेलने घासू नका.

पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, तो जेलचा पापुद्रा. तळहातांना खोबरेल तेलाचे २ थेंब चोळून केस हलके चुरगळा, की लाटा मऊ सुटतात. पांढरे कण दिसले तर पुढच्या वेळी जेल कमी घ्या. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की टाकून द्या.