प्रभागातील वाचनालयात सार्वजनिक वायफाय आणि डिजिटल शिकवणी कशी सुरू करावी

शहरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल दिसतो, म्हणून इंटरनेट सर्वांपर्यंत पोहोचले असे आपण धरून चालतो. परंतु अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर दिवसभर बाहेर असतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले डिजिटल साक्षरता अभियान ग्रामीण कुटुंबांपुरते असल्याने शहरातील वस्त्या त्याबाहेर राहिल्या. ही उणीव वाचनालय भरून काढू शकते, कारण तेथे जागा, वीज आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी आधीच असतात.

प्रथम जोडणीचे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत कोणतेही दुकान किंवा संस्था, जुन्या एसटीडी-पीसीओच्या धर्तीवर, सार्वजनिक वायफाय देऊ शकते आणि त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. मात्र नोंदणीकृत ॲग्रिगेटर संस्थेशी, म्हणजे अशा अनेक वायफाय केंद्रांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेशी, जोडून घ्यावे लागते. वापरणाऱ्याची ओळख योजनेच्या ॲपमध्येच पटवली जात असल्याने वाचनालयाला वेगळी वही ठेवावी लागत नाही. वाचनालयांत राउटर बहुधा कार्यवाहांच्या खोलीतील लोखंडी कपाटावर ठेवला जातो. तसे करू नये, कारण लोखंडी कपाटे आणि मांडण्या लहरी अडवतात. तो वाचनकक्षात, भिंतीवर उंच बसवावा आणि त्याला छोटा यूपीएस जोडावा.

खरे काम यापुढचे आहे आणि ते यंत्राने होत नाही, शेजारी बसलेल्या माणसाने होते. एका गटात पाच-सहा जणांपेक्षा अधिक घेऊ नयेत आणि प्रत्येकाला त्याच्याच फोनवर शिकवावे. शिकवणाऱ्याने पाळायचा नियम एकच: समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. धुणी-भांडी करून आलेल्या बाईंना ओटीपी येतो, पडद्याच्या वरच्या कडेला क्षणभर दिसतो आणि वाचून होण्याआधीच नाहीसा होतो. त्या घाबरून फोन आपल्यापुढे धरतात. अशा वेळी तो घेऊन आकडे टाकून देणे सोपे असते, पण वरून खाली बोट ओढले की तो संदेश पुन्हा सापडतो हे त्यांच्याच बोटाने चार वेळा करवून घेतले, तरच पुढच्या वेळी त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही. भेगाळलेल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही, म्हणून ओलसर फडके जवळ असू द्यावे.

अभ्यासक्रम गरजेवरून ठरवावा. जूनच्या सुमारास प्रवेशाचे अर्ज, नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, एरवी कागदपत्रे फोनवर ठेवण्याचे डिजिलॉकर आणि ‘आपले सरकार’वरील दाखले. यूपीआय शिकवताना पहिल्याच दिवशी सांगावे की पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक प्रत्येकाकडून फोनमध्ये साठवून घ्यावा. कामकरी स्त्रियांसाठी संध्याकाळी सातनंतरची वेळ ठेवावी. दुपारच्या वर्गाला त्या येऊ शकत नाहीत.

वाचनालयात सामायिक संगणक असेल, तर तो रोज बंद करण्यापूर्वी ‘डाउनलोड्स’ फोल्डर रिकामे करावे. अशाच एका संगणकावर मी अनोळखी माणसांच्या आधार कार्डांच्या प्रती ओळीने पडलेल्या पाहिल्या आहेत. ज्यांनी विश्वासाने तेथे काम केले त्यांना याची कल्पनाही नव्हती. त्याचप्रमाणे कोणाचाही पासवर्ड स्वयंसेवकाने लिहून ठेवू नये, कितीही आग्रह झाला तरी.

स्वयंसेवक जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून मिळतात. त्यांच्यासाठी टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि आलेला माणूस कोणते काम घेऊन आला, ते कुठे अडले, एवढेच नावाशिवाय लिहावे. पुढच्या महिन्याचे वर्ग त्या वहीवरून लावावेत.