एसयूव्ही विकून सेकंडहँड हायब्रिड कशी घ्यावी

लिटरमागे किती किलोमीटर, या आकड्यावर बचतीचा हिशेब मांडला की तो फसतो. ८ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सोडून १२ देणारी घेतली तर १०० किलोमीटरमागे चार लिटरच्या वर वाचतात. २० ची सोडून ३० ची घेतली तर पावणेदोन लिटरसुद्धा वाचत नाहीत. खरी बचत तहानलेली एसयूव्ही दारातून गेली तिथेच होते. त्यापुढे हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, २० देते की २५, हा १०० किलोमीटरमागे एका लिटरचा प्रश्न आहे. म्हणून सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेजवाल्या मॉडेलमागे धावू नका. जिची तब्येत धडधाकट आहे ती गाडी घ्या. जुन्या हायब्रिडमध्ये तब्येत म्हणजे मुख्यतः बॅटरी, आणि लोक नेमकी तीच न तपासता पैसे मोजतात.

१. हिशेब लिटरमध्ये करा

वर्षाला १५,००० किलोमीटर फिरत असाल तर १० च्या अ‍ॅव्हरेजला १,५०० लिटर लागतात, २० ला ७५०. वाचले ७५० लिटर. आता एसयूव्हीचे आलेले पैसे वजा करून हायब्रिडसाठी खिशातून किती घालावे लागतील ते काढा. त्यात नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि बॅटरीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळवा आणि बेरजेला इंधनाच्या दराने भागा. उत्तर २,००० लिटर आलं तर वसुलीला दोन वर्षं आठ महिने लागतील. वर्षाला ६,००० किलोमीटरच फिरत असाल तर वाचतात ३०० लिटर, म्हणजे त्याच वसुलीला साडेसहा वर्षांच्या वर. तेवढ्यासाठी हा खटाटोप करू नका, आहे ती गाडी नीट वापरा.

शहरातलं आणि हायवेचं अंतर वेगळं धरा. हायब्रिड ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत भरते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. एकसारख्या वेगाने तासन्‌तास जायचं तर ब्रेकच नाही, मग परत मिळणार काय? रनिंग जवळपास सगळं हायवेचं असेल, तर दोन गाड्यांमधला फरक शहरात दिसतो त्यापेक्षा बराच कमी निघतो.

ट्रेलर ओढायचा असेल, सात माणसं नेहमी बसत असतील किंवा रस्ता खडकाळ असेल, तर हायब्रिड हॅचबॅक किंवा सेदानचा विषय इथेच संपला.

२. कोणती हायब्रिड

मागच्या दारावर ‘हायब्रिड’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. माइल्ड हायब्रिडमध्ये, मग ती १२ व्होल्टची असो की ४८ ची, छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण सहसा एकटी गाडी ओढत नाही. तिची बचत किरकोळ असते. तिच्यासाठी एसयूव्ही विकू नका. प्लग-इन घेऊन रोज चार्ज करणार नसाल, तर जड बॅटरी फुकट वाहून न्याल. बहुतेकांना हवी असते ती फुल हायब्रिड: कमी वेगात नुसत्या मोटरवर चालणारी, प्लग न लागणारी. ओळखायची खूण सोपी. इंजिन एकदा तापल्यावर, पार्किंगमधून हळू बाहेर काढताना इंजिन बंद राहून चाकं फिरली पाहिजेत.

३. बॅटरी

‘अमुक लाख किलोमीटरला बॅटरी जाते’ हा नियम विसरा. ‘दहा वर्षं जुनी, पण रनिंग फक्त ५०,०००’ ही जाहिरात तर त्याहून घातक. हायब्रिडची बॅटरी वयाने आणि उष्णतेने म्हातारी होते, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत वापरातल्या गाडीपेक्षाही लवकर बिघडते. रोज चालवलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस केलेली जास्त रनिंगची गाडी मी कधीही पसंत करेन.

बॅटरी बिघडते कशी, ते आधी समजून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल एकामागे एक जोडलेली असतात. प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, एकूण २०१.६ व्होल्ट. कॉम्प्युटर मॉड्यूलच्या १४ जोड्यांवर लक्ष ठेवतो. गाडी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि कधी रिकामी करत नाही, चार्ज साधारण ४० ते ८० टक्क्यांत खेळवते, म्हणून ती इतकी टिकते. पण साखळीतली एक कडी कमकुवत झाली की बाकीच्या कितीही चांगल्या असोत, अख्खा पॅक तिच्या ताकदीवर चालतो. बहुतेकदा मधली मॉड्यूल आधी जातात, कारण तिथे उष्णता साठते.

त्यामुळे उभ्या गाडीत घेतलेलं रीडिंग हा पुरावा नाही. विश्रांतीत सगळ्या जोड्या सरळ रेषेत दिसतात. कमजोर जोडी उघडी पडते ती फक्त भार आल्यावर. विक्रेत्याने दाखवलेला ‘बॅटरी ८५ टक्के’ असा एकच आकडा असलेला कागदही बाजूला ठेवा.

हवा गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर पाठवणारा एक ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टर आणि फोनवर डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंटसारखं अ‍ॅप. स्वस्तातले सगळे अ‍ॅडाप्टर सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत. तुमच्याकडचं त्या मॉडेलला चालतं का, हे घरून निघण्याआधी बघा. आणि विक्रेत्याला आधीच बजावा की गाडी चालू करून ठेवायची नाही. तुम्ही पोचाल तेव्हा बॉनेट गार हवं.

सगळ्यात आधी १२ व्होल्टची साधी बॅटरी मोजा. विश्रांतीत १२.६ च्या आसपास ठीक, १२.२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करून घ्या. फुल हायब्रिडमध्ये ही बॅटरी सहसा इंजिन फिरवत नाही, नुसते कॉम्प्युटर जागे करते. त्यामुळे ती मरायला टेकली तरी गाडी चालू होते, आणि वर भलतेसलते खोटे एरर दिसतात. ते बघून चांगली गाडी सोडून दिली जाते.

मग एरर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, वाचा, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोडसकट. कोड नाहीत म्हणून खूश होण्याआधी आणखी एक आकडा बघायचा: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो बहुतेक अ‍ॅपमध्ये मिळतो. २०–३० किलोमीटर दिसले, तर बहुधा तुम्ही येणार म्हणून कोणीतरी कोड पुसले आहेत. अशा वेळी कारण ऐकत बसू नका, भाव पाडून घ्यायच्या मोहातही पडू नका. निघा.

आता ३०–४० मिनिटांची चक्कर, एसी लावून. त्यात एक चढ, दोन-तीनदा जोरात पिकअप आणि लांब उतारावर सावकाश ब्रेक हवाच. शेजारी कोणालातरी फोन धरून बसवा, चालवता चालवता स्क्रीन बघायची नाही. जोड्यांच्या व्होल्टेजमध्ये विश्रांतीला ०.१–०.२ व्होल्टचा फरक चालतो. जोरात पिकअप घेताना तीच ती जोडी दर वेळी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट किंवा जास्त खाली जात असेल, तर ती थकली आहे. एक व्होल्ट किंवा जास्त गेली तर पॅकचे दिवस भरले. नक्की खूण अशी: जी जोडी पिकअपला सगळ्यात खाली जाते, तीच ब्रेकला, म्हणजे चार्ज होताना, सगळ्यात वर उडी मारते. जोडीचा नंबर लिहून ठेवा. नंबर दर वेळी बदलत असेल आणि फरक थोडा असेल तर काळजी नको.

हे आकडे निकेलच्या पॅकचे आहेत. लिथियम-आयन पॅकमध्ये सेलमधला फरक मिलिव्होल्टमध्ये मोजतात, तिथे अर्ध्या व्होल्टची वाट बघत बसलात तर मेलेला पॅक विकत घ्याल.

अ‍ॅप जोडता आलं नाही तरी डॅशबोर्डवरच्या चार्जच्या रेघा बोलतात. निरोगी गाडीत त्या मध्याच्या थोड्या वर संथपणे हलतात. एका चढावर सातावरून दोनावर धपकन आल्या आणि उतार संपायच्या आत पुन्हा भरल्या, तर बॅटरीत ऊर्जा साठवायला जागाच उरलेली नाही. अशी गाडी छान चालतेय असं वाटतं, पण ती मुख्यतः इंजिनावर चालते आणि तुमचं अ‍ॅव्हरेज खाते.

मागच्या सीटजवळची जाळी शोधा. बॅटरीचा पंखा तिथून केबिनची हवा ओढतो. जाळीत धुळीचा आणि केसांचा नमदा साचलेला असेल तर पॅक वर्षानुवर्षं तापत राहिला आहे. मध्यम चालवण्यातही पंखा घोंघावत असेल तर तोही पुरावाच.

शेवटी ‘बॅटरी नुकतीच बदलली आहे’ या वाक्याची चिरफाड करा. बिल मागा. पूर्ण नवा पॅक बसवला असेल तर उत्तमच. पण एकदोन खराब मॉड्यूल काढून दुसऱ्या जुन्या गाडीतली घातली असतील, तर ती गाडी कोणत्याही भावात घेऊ नका. नवी-जुनी मॉड्यूल एका चालीने चालत नाहीत. काही महिन्यांत शेजारचं जातं, मग त्याच्या शेजारचं. असा ठिगळ लावलेला पॅक मूळच्या थकलेल्या पॅकपेक्षाही वाईट, कारण मूळचा निदान कधी जाईल याचा अंदाज बांधता येतो.

आणि स्वतः पॅक उघडायला जाऊ नका. नारिंगी वायर म्हणजे उच्च दाब. ज्याला तो हाताळायचं प्रशिक्षण आहे त्यानेच हात लावायचा.

४. बाकीची गाडी

इंजिन गार असतानाची पहिली सुरुवात नीट ऐका. २००९ ते २०१५ च्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) बऱ्याचदा काजळीने बुजतो आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं सील, जातं. इंजिन लागताच काही सेकंद गाडी खडखडून हलली आणि मग शांत झाली, तर सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असण्याचा दाट संशय. कूलंटची पातळी बघा, ‘थंडीत थोडं हलतंच’ हे ऐकून घेऊ नका.

इन्व्हर्टरचं, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या भागाचं, कूलंट वेगळं असतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये गाडी रेडी (डॅशबोर्डवर READY दिसत) असताना त्याच्या टाकीत पाणी खळबळताना दिसलं पाहिजे. निपचित असेल तर पंप गेला. ब्रेकला पाय न लावता गाडी रेडी ठेवून मिनिटभर गप्प बसा. ब्रेकचा पंप काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा गुरगुरत असेल तर ब्रेकच्या युनिटमध्ये आतून गळती आहे, आणि ते काम महाग पडतं. पॅड मात्र भरपूर शिल्लक दिसतात, कारण बरंचसं ब्रेकिंग मोटर करते. डिस्कवर गंज तेवढा बघा.

पुरात सापडलेली हायब्रिड म्हणजे काळजी कायमची. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधा, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा.

५. एसयूव्ही देताना

डीलर ‘वर इतके द्या आणि गाडी घेऊन जा’ असा एकच आकडा सांगेल. मान्य करू नका. तुमच्या गाडीची किंमत आणि त्याच्या गाडीची किंमत वेगवेगळी, लेखी घ्या. एकाच आकड्यात दोन्हीकडून कापलेलं दिसत नाही. आणखी दोन ठिकाणी भाव काढा. परस्पर विकली तर बहुधा जास्त मिळतात, त्रासही जास्त होतो.

इंधनाचे दर भडकले की सगळ्यांना एकदमच सुबुद्धी सुचते: एसयूव्हीचा भाव पडतो, हायब्रिडचा चढतो. तेव्हा घाई नको. एसयूव्हीवर किमतीपेक्षा जास्त कर्ज शिल्लक असेल तर बदली सध्या विसरा, कारण ती तूट नव्या कर्जात मिसळली की वाचलेलं सगळं इंधन व्याजात जातं. आणि हायब्रिड तपासणीत पास होईपर्यंत एसयूव्हीची चावी कोणाला देऊ नका. नाहीतर बिनगाडीचा माणूस पहिली मिळेल ती घेतो.

६. घेतल्यावर

ऑइल, ट्रान्समिशन फ्लुइड आणि दोन्ही कूलंट बदलून घ्या, पंख्याची जाळी साफ करा. अ‍ॅव्हरेज डॅशबोर्डवर वाचू नका. टाकी फुल करून पुन्हा फुल, असे तीन वेळा मोजा. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत आकडा खाली येणारच, कारण गार इंजिन स्वतःला आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करण्यासाठी चालू राहतं. तीन टाक्यांनंतरही हिशेबापेक्षा फार कमी मिळत असेल, तर आधी टायरची हवा दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याशी पडताळा आणि कोणी मोठ्या मापाचे टायर बसवले आहेत का ते बघा. बॅटरीवर संशय त्यानंतर.