बॅकअपचं सॉफ्टवेअर ‘डिलीट करू का?’ विचारतं तेव्हा

नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्यांपासून कर्वे रोडवरच्या करसल्लागारांपर्यंत बऱ्याच जणांचे कॉम्प्युटर मी बघतो. बॅकअपबद्दल सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: ‘रोज घ्या.’ घेतात बिचारे. पण हे सॉफ्टवेअर फाइली नुसत्या कॉपी करत नाही, पुसतंसुद्धा, हे कोणी सांगितलेलं नसतं. पुसण्याआधी ते एक चौकट दाखवतं आणि ती पूर्ण उघडायच्या आत बोट एंटरवर गेलेलं असतं.

उदाहरणाला फ्रीफाइलसिंक घेतो, कारण ते फुकट आहे आणि पुष्कळांकडे असतं. तुमच्याकडे दुसरं असेल तर बटणांची नावं बदलतील, हिशोब तोच.

डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे बॅकअपचा. हे सगळ्यांना येतं.

मग प्रकार निवडा. ‘मिरर’ म्हणजे उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब होणार. डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही जाणार. ‘अपडेट’ फक्त नवीन आणि बदललेल्या फाइली नेतं, पुसत काही नाही. चौकट वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनी सरळ ‘अपडेट’ लावावं. डिस्क लवकर भरेल, नाव बदललेल्या फाइली दोन-दोनदा दिसतील, पण काही पुसलं तरी जाणार नाही.

पुसलेल्या फाइली कुठे जाव्यात, तेही याच सेटिंगमध्ये ठरतं. तिथे मुळात ‘रिसायकल बिन’ असतं आणि लोक त्यावर निर्धास्त राहतात. पेनड्राइव्हला आणि ऑफिसातल्या नेटवर्क ड्राइव्हला सहसा रिसायकल बिन नसतं. तिथून गेलं ते गेलं. म्हणून ‘व्हर्जनिंग’ निवडा आणि बॅकअपच्याच डिस्कवर एक वेगळा फोल्डर द्या. पुसलेली फाइल आणि बदललेल्या फाइलीची जुनी प्रत, दोन्ही तिथे जमा होतात. माझ्या मते हे सेटिंग सक्तीचं असायला हवं होतं.

‘हा संदेश पुन्हा दाखवू नका’वर कोणीतरी कधीतरी टिक केलेली असतेच. ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या चौकटी परत चालू करा.

आता वाचायचं काय? आधी ‘कम्पेअर’ दाबा. अजून काहीच घडलेलं नसतं, खरं काम ‘सिंक’ दाबल्यावर सुरू होतं. फक्त किती फाइली नवीन, किती बदलणार, किती जाणार याचे आकडे दिसतात. ते बघण्यापूर्वी स्वतःला विचारा, कालपासून आपण किती फाइली उडवल्या असतील? दोन-चार वाटत असताना समोर ३,००० दिसल्या तर थांबा. एखाद्या फोल्डरचं नाव बदललं की तो सहसा ‘जुना जाणार, नवीन येणार’ असा दोन्हीकडे मोजला जातो. येणारा आणि जाणारा आकडा जवळपास सारखा असेल, तर बहुधा तेच झालेलं असतं. यादी उघडून खात्री करा. पण जाणाऱ्या हजारो आणि येणारी एकही नाही, याचा अर्थ मूळ बाजूलाच काहीतरी गायब आहे. कोणी फोल्डर दुसरीकडे हलवला असेल, किंवा चुकीची डिस्क धरली गेली असेल. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या धांदलीत डिस्का काढून पुन्हा लावल्या जातात आणि कालचा ‘ई’ ड्राइव्ह आज ‘एफ’ झालेला असतो.

इथपर्यंत सोपं होतं. खरी मेख फाइली परत आणण्यात आहे. मीही सुरुवातीला इथे बराच चाचपडलो, कारण जिथे-तिथे एवढंच लिहिलेलं: बाजूंची अदलाबदल करा आणि सिंक दाबा. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी फाइली परत आणल्या नसाव्यात.

समजा, बॅकअप सोमवारी रात्रीचा आहे. मंगळवारी तुम्ही नवीन कामं केलीत. बुधवारी कोणीतरी एक फोल्डर उडवला. बाजू उलट करून मिरर लावलं की सॉफ्टवेअरच्या लेखी बॅकअप हे मूळ आणि तुमचा चालू फोल्डर ही नक्कल. मंगळवारच्या फाइली बॅकअपमध्ये नाहीत, म्हणजे त्या जादा. चौकट इमानदारीत सांगते, ‘१४ फाइली डिलीट होतील.’ घाबरलेल्या माणसाला वाटतं, असेल काहीतरी जुनापुराणा कचरा. दाबतो ‘हो’. सोमवारचं मिळतं, मंगळवारचं जातं.

याहून वाईट म्हणजे किती फाइली बदलणार, तो आकडा. मंगळवारी दुरुस्त केलेल्या फाइलीवर सोमवारची प्रत बसते, तेव्हा तुमची दुरुस्ती पुसलीच जाते. पण ती डिलीटच्या आकड्यात येत नाही. दिवाळी अंकांच्या हंगामात एका डीटीपीच्या दुकानात हे झालेलं मी पाहिलंय. प्रुफं दुरुस्त केलेल्या पानांवर जुनी पानं बसली, आणि पत्ता लागला तो लेखकाचा फोन आल्यावर. तेव्हा परत आणताना दोन्ही आकडे बघा, आणि त्यातला एक जरी शून्याहून जास्त असेल तर ‘नाही’ म्हणा.

त्यापेक्षा असं करा. दुसऱ्या ड्राइव्हवर ‘परत आणलेलं’ नावाचा रिकामा फोल्डर बनवा आणि बॅकअपमधून हवं तेवढंच त्यात कॉपी करा. रिकाम्या जागी पुसायला काही नसतं, त्यामुळे प्रश्नच येत नाही. मग तिथून जे हरवलंय तेवढंच चालू फोल्डरमध्ये न्या. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या की विंडोज विचारतं: बदलू, वगळू, की दोन्हींची तुलना करू? तुलना निवडा आणि तारखा बघा. वेळ नसेल तर वगळा. ‘बदला’ कधीच नको. काही सॉफ्टवेअर मूळ जागीच परत आणण्याचा हट्ट धरतात. तिथे चालू फोल्डरचं नाव आधी बदलून ठेवा.

रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला चौकट नसतेच. रोबोकॉपी ही विंडोजमध्येच असलेली कॉपी करायची आज्ञा; तिचं ‘/एमआयआर’, म्हणजे मिरर, कोणालाही न विचारता पुसतं. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. म्हणून वेळापत्रकात टाकण्याआधी तीच आज्ञा ‘/एल’ जोडून चालवा. मग ती फक्त यादी देते, हात कशालाच लावत नाही. लिनक्सवर हेच काम करणाऱ्या आरसिंक या आज्ञेसाठी ‘--ड्राय-रन’ आहे, शिवाय ‘--मॅक्स-डिलीट’ने एका वेळी जास्तीत जास्त किती फाइली पुसायच्या याची मर्यादा घालता येते. ती घालाच.

आणि चुकून ‘हो’ दाबलंच, तर काम लगेच थांबवा आणि आधी रिसायकल बिन व व्हर्जनिंगचा फोल्डर बघा. तिथे नसेल तर त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही तिथे इन्स्टॉल करू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून बरंच परत मिळू शकतं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, मात्र तिची ‘ट्रिम’ नावाची सोय चालू असेल तर पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते, म्हणून तिथे कॉम्प्युटर बंद करून ती काढून घ्या आणि मगच कोणाला तरी फोन लावा.