विमानतळ विस्ताराच्या जनसुनावणीत हरकत कशी नोंदवावी

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळासारख्या प्रकल्पाच्या विस्तारासाठी १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार जनसुनावणी होणार असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ वृत्तपत्रांत किमान ३० दिवसांची सूचना देते. त्या दिवशीच कामाला लागावे.

जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महापालिकेत ठेवलेला पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल पाहावा. मराठी सारांश सोयीचा असला, तरी खरी माहिती मूळ अहवालाच्या तक्त्यांत असते, हे विसरू नये. ध्वनिमापन विमानतळाजवळच्या शिवणगावात झाले की केवळ धावपट्टीलगत, रात्रीच्या नोंदी आहेत का, आणि पावसाचे पाणी कोणत्या नाल्यात सोडणार, हे तपासून प्रत्येक आक्षेपापुढे पान क्रमांक लिहावा. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर भागत नाही. अमुक ठिकाणी पुन्हा मोजणी करा, अशी नेमकी मागणी उत्तर देणे भाग पाडते.

लेखी निवेदन मंडळाकडे देऊन पोचपावती घ्यावी. सुनावणीत मात्र जमिनीच्या मोबदल्याचा विषय सर्व वेळ खाऊन टाकतो, म्हणून पर्यावरणाचे मुद्दे आधी मांडावेत. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवला जातो. तोपर्यंत थांबून आपला मुद्दा त्यात आला आहे ना, याची खात्री करावी.