एखादी गाडी एकाच देशात का विकली जाते, हे कसं शोधायचं

एखादी गाडी आपल्या देशाबाहेर कुठेच दिसली नाही, की लोक लगेच म्हणतात, दर्जा नसणार. हे मला मनापासून खटकतं. गाड्यांच्या दिव्यांना मान्यता मिळवण्यासाठी लागणारी कागदपत्रं तयार करणं हे माझं रोजचं काम. त्यातून झालेलं माझं मत असं, की बऱ्याच गाड्या घरच्या नियमांत इतक्या चपखल बसवलेल्या असतात, की बाहेरच्या नियमांत त्या मावतच नाहीत. नेमकं कुठे अडलं, हे बरंचसं गाडीवरच लिहिलेलं असतं.

सुरुवात हेडलॅम्पपासून करा. काचेवर बारीक अक्षरं असतात, ती वाचा. वर्तुळात ‘ई’ आणि आकडा दिसला, तर दिव्याला संयुक्त राष्ट्रांच्या 1958 च्या करारानुसार मान्यता आहे. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: 1 म्हणजे जर्मनी, 43 म्हणजे जपान. गाडी कुठे बनली याच्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिका या करारात नाही. तिथे कंपनी स्वतःच नियम पाळल्याची हमी देते आणि दिव्यावर ‘डीओटी’ (अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरं) असं लिहिते. दोन्हीकडचे नियमही जुळत नाहीत. मागचा इंडिकेटर लाल असला तरी अमेरिकेत चालतो, करारातल्या देशांना तो पिवळाच लागतो. एवढ्याशा फरकासाठीही मागचा दिवा नव्याने बनवून परत तपासून घ्यावा लागतो.

आता त्याच काचेवर बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजवीकडे जात असेल, तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. ‘ई’ आहे पण बाण नाही, तर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी. दोन्ही टोकांना बाण असेल, तर दोन्हीकडे चालतो. लो बीमचा झोत रस्त्याच्या कडेला थोडा वर चढवलेला असतो. तोच दिवा उलट बाजूच्या देशात लावला, तर झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. वाहतुकीची बाजू बदलली, की दिव्यापाठोपाठ स्टिअरिंग, डॅशबोर्ड, वायपर हे सगळंही बदलावं लागतं, आणि खर्च तिथे वाढतो. फोर्ड मस्टँग 1964 ची, पण कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची मस्टँग निघायला 2015 उजाडलं.

मग मापं पाहा. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी या मर्यादांना गाडी अगदी टेकलेली असेल, तर ती जपानच्या ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गातली. होंडा एन-बॉक्स तिथे धडाक्याने खपते, कारण या मापात कर कमी लागतो. सीमा ओलांडली की ती सवलत संपते आणि लहान इंजिन तेवढं उरतं.

कागदावर सगळं जुळत असेल, तर आयात कर तपासा. पश्चिम युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने 1964 पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर मात्र राहिला. हा कर चुकवायला फोर्ड आपली ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटसकट प्रवासी गाडी म्हणून अमेरिकेत आणायची आणि कस्टममधून सुटली की त्या सीट काढून टाकायची. त्या प्रकरणात 2024 साली फोर्डला 36.5 कोटी डॉलर भरावे लागले. टोयोटाने अमेरिकेसाठी उत्तर अमेरिकेतच टॅकोमा पिकअप बनवली, तिची हायलक्स पिकअप तिथे विकलीच जात नाही. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर अमेरिकेने 2024 मध्ये 100 टक्के कर लावला, म्हणजे दारच बंद.

हे सगळं एकत्र बघायचं, तर सुझुकी जिम्नी घ्या. जपानमध्ये ती 660 सीसीची. बाहेर पाठवायची म्हणून 1.5 लिटरचं इंजिन आणि रुंद फेंडर दिले. युरोपात मात्र ती धुरावर अडली. तिथे कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांची सरासरी मोजतात. 2020 पासून एकूण लक्ष्य किलोमीटरला 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं आलं, आणि जिम्नी त्याच्या कितीतरी वर. म्हणून मागची सीट काढून मालवाहू गाडी म्हणून ती परत आणली, कारण त्या वर्गाची मर्यादा सैल होती. अमेरिकेत तर सुझुकीने 2012 मध्येच गाड्या विकणं थांबवायचं ठरवलं. विक्रेते नाहीत, सुटे भाग नाहीत, मग एका मॉडेलसाठी कोण जाणार? गाडी तीच, पण प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं. म्हणून ‘ही गाडी बाहेर का नाही’ असं न विचारता ‘ही गाडी अमुक देशात का नाही’ असं विचारा.

एवढं करूनही तीच गाडी हवी असेल, तर तुमच्या देशात जुन्या गाड्यांना सूट आहे का ते बघा. अमेरिकेत 25 वर्षांनी सुरक्षा नियमांतून सूट मिळते, कॅनडात 15 वर्षांनी. आणि जपानहून आणत असाल, तर रेडिओ आधीच बदलायला धरा. जुन्या जपानी गाड्यांचा एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झपर्यंतच लागतो, बाकी बहुतेक देशांत स्टेशनं 87.5 ते 108 मध्ये असतात.