जुना झिऑन घरच्या पीसीत बसवताय? या चुका टाळा

सर्व्हरमधून उतरवलेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर आता इतके स्वस्त झालेत, की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर असा एखादा प्रोसेसर कायम पडलेला असतो. घेऊन येणारा एक तर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, नाहीतर लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणारा. प्रोसेसरला नाव ठेवायला सहसा जागा नसते. डेटा सेंटरवाले सर्व्हर बदलतात ते वॉरंटी संपली, वीज जास्त जाते म्हणून. चिप बिघडली म्हणून नव्हे. ई५-२६८० व्ही४ चं उदाहरण घ्या (व्ही४ म्हणजे चौथी पिढी): २०१६ सालचा, १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश. आजही रेंडरिंगला, व्हर्च्युअल मशीन चालवायला, मोठा कोड कंपाइल करायला तो जीव तोडून काम करतो. वाट लागते ती त्याच्या भोवतीच्या गोष्टींत, आणि दर वेळी त्याच त्या चुकांनी.

प्रोसेसर आधी, बोर्ड नंतर

ही चूक बघून बघून मला वीट आलाय. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून प्रोसेसर मागवायचा आणि तो हातात आल्यावर "दादा, ह्याला कुठला मदरबोर्ड बसंल?" म्हणून विचारत फिरायचं. सगळ्या जोडणीत प्रोसेसर हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते. पैसे जातात ते बोर्डात आणि रॅममध्ये. म्हणून आधी काम ठरवा, मग बोर्ड, मग त्या बोर्डाला चालणारी रॅम, आणि प्रोसेसर सगळ्यांत शेवटी.

झिऑनच्या ई५ मालिकेतले व्ही१ आणि व्ही२ हे २०११ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), व्ही३ आणि व्ही४ हे २०११-३ चे. आकडा सारखा वाटतो, पण खाचा वेगळ्या आहेत. एकातला प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. बसवायचा प्रयत्नही करू नका.

खरा घात होतो तो जे बसतं पण चालत नाही त्यात. ई३ मालिकेतले व्ही२ आणि व्ही३ साध्या घरगुती बोर्डांवर बायोस (मशीन उठवणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) नवा असेल तर बहुतेक वेळा चालतात. त्याच भरवशावर एका विद्यार्थ्यानं आपल्या एच११० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य चिप) बोर्डासाठी ई३-१२३० व्ही५ मागवला. सॉकेट ११५१, खाच जुळली, कूलर बसला, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. एका दुकानात त्याला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला लावला, दुसरीकडे रॅम. माझ्याकडे आला तेव्हा प्रोसेसरच्या किमतीहून जास्त पैसे त्यानं निष्कारण घालवले होते. कारण एका ओळीचं होतं: व्ही५ पासून इंटेलनं ई३ मालिका सी२३२ आणि सी२३६ या चिपसेटपुरती ठेवली. एच११० वर तो कधीच उठणार नव्हता. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. ती दहा मिनिटं वाचायचा कंटाळा माणसाला हजारोंत पडतो.

एएमडीच्या जुन्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरचंही असंच. काही सर्व्हर कंपन्या एएमडीची प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट ही सोय वापरून प्रोसेसर आपल्या बोर्डाशी कायमचा बांधून टाकतात. तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालत नाही आणि हे कुलूप निघतही नाही. विकणाऱ्याकडून 'लॉक नाही' असं लेखी घ्या, नाहीतर सोडून द्या.

रॅमचा गोंधळ याच घरातला. सर्व्हरची रॅम रजिस्टर्ड (सिग्नल सांभाळणारी जादा चिप असलेली) असते, घरच्या पीसीची साधी. डीडीआर४ मध्ये दोन्हींची खाच एकाच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये दोन्ही बसतात. पण साध्या बोर्डावर रजिस्टर्ड रॅम चालत नाही, आणि दोन्ही एकत्र तर कुठेच चालत नाहीत. स्टिकर वाचायला शिका: 'पीसी४-२४००टी' नंतर 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'यू' असेल तर साधी, 'ई' असेल तर ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) पण रजिस्टर नसलेली. ई३ ला रजिस्टर्ड रॅम मुळीच चालत नाही. ई५ ला चालते, आणि ती साध्या रॅमपेक्षा सहसा स्वस्त मिळते हाच या सगळ्या खटाटोपातला मोठा फायदा आहे.

६४ टाकली, ४८ दिसतेय

कागलकडून एक व्हिडिओवाले आले होते. ई५-२६८० व्ही४, चिनी एक्स९९ बोर्ड, १६ जीबीच्या चार रॅम. "दादा, ६४ टाकलीया, पण ४८च दाखवतंय." त्यांनी विकणाऱ्याशी भांडून एक रॅम बदलून घेतली होती, तरी तेच. मी रॅम आलटून पालटून लावल्या. कुठलीही लावली तरी एकाच स्लॉटमधली दिसेना, म्हणजे रॅम निर्दोष. बोर्डाचा स्लॉट गेला असं म्हणून इथेच बरेच जण नवा बोर्ड घ्यायला लावतात.

पण या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर चिपच्या आत असतो. चार चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा), आणि प्रत्येक चॅनेलच्या तारा सॉकेटमधल्या आपापल्या पिनांतून जातात. चॅनेल गायब झाला की आधी सॉकेट बघायचं. प्रोसेसर काढला, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला. सरळ ओळीत चमकणाऱ्या पिनांमध्ये एका जागी चमक तुटलेली दिसली. एक पिन शेजारणीवर कललेली होती. प्रोसेसर ठेवताना एक कोपरा आधी टेकला आणि मग तो सरकवून बसवला, की हे असंच होतं.

उद्यमनगरात टूलरूमवाले डोळ्याला लावतात ते भिंग मी वापरतो, आणि शिसं काढलेली ०.५ ची मेकॅनिकल पेन्सिल. पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर अलगद चढवायचं आणि केसभर उचलायचं. एकदम सरळ करायला गेलं की पिन तुटते. थोडं उचला, थांबा, पुन्हा टॉर्च आडवा धरून बघा. ती पिन ओळीत आली, पण रॅम तरीही ४८च. मग कूलर बघितला. एका बाजूचे दोन स्क्रू पूर्ण आवळलेले, दुसऱ्या बाजूचे अर्धे. प्रोसेसर एका अंगाला दाबला जात होता. चारही स्क्रू सैल करून तिरप्या जोडीनं, दोन-दोन फेरे देत आवळले, तेव्हा ६४ जीबी दिसली.

म्हणून माझी सवय सांगतो. सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर दोन्ही बाजूंनी धरून सरळ खाली सोडायचा. एकदा टेकला की हलवायचा नाही. २०११ च्या सॉकेटला दोन लिव्हर असतात, त्यांचा क्रम त्यांच्याच खुणांवर दिलेला असतो, तोच पाळायचा. जुन्या चिपच्या खालच्या सोनेरी ठिपक्यांवर बोटांचं तेल आणि वाळलेली पेस्ट असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्यायची. आणि उघडं सॉकेट क्षणभरही तसं ठेवायचं नाही, झाकण लावायचं. शिरोली एमआयडीसी किंवा उद्यमनगराजवळ घर असेल तर विशेष जपा. हवेत लोखंडाची बारीक भुकटी असते आणि ती वीज वाहून नेते.

बाकीच्या चुका

ई५ मध्ये ग्राफिक्स नसतंच. बोर्डावरच व्हिडिओची वेगळी चिप नसेल, तर कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही येणार नाही. व्हिडिओवाल्यांनी हे आणखी नीट ऐकावं: इंटेलचं क्विक सिंकही (व्हिडिओ वेगानं डिकोड-एन्कोड करणारी ग्राफिक्समधली सोय) त्यामुळे मिळत नाही. एच.२६४ आणि एच.२६५ फुटेज अडखळू शकतं. डिकोड आणि एन्कोड करणारं ग्राफिक्स कार्ड खर्चात आधीच धरा.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ काळी राहते. बोर्ड रॅम ओळखून जुळवून घेत असतो. दहाव्या सेकंदाला पॉवर बटण दाबणारे आणि मग "बोर्ड डेड आलाय" म्हणणारे लोक मला आवरत नाहीत. चहा घेऊन या, मग बघा.

लोकल एसएमपीएस वापरू नका. १२० वॉटच्या प्रोसेसरला आठ पिनांचं वेगळं कनेक्शन लागतं. हार्डडिस्कच्या वायरीवरून कनव्हर्टर जोडून ते भागवलं, की प्लास्टिक वितळतं. घरचा ६०० व्हीएचा यूपीएसही ग्राफिक्स कार्डासकट हा भार धरेल असं समजू नका.

कूलर घेताना सॉकेट चौकोनी आहे की अरुंद ते बघा. चौकोनीत भोकं ८० बाय ८० मिलिमीटरवर असतात, अरुंदमध्ये ५६ बाय ९४ वर.

फोटोशॉपचे अल्बम आणि ऑटोकॅडची ड्रॉइंग बहुतांश एकाच कोअरच्या वेगावर चालतात. २६८० व्ही४ चा वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्‌झ, तर साध्या आय३-१२१०० चा ४.३. तेवढंच काम असेल तर आय३ घ्या. झिऑनच हवा असेल तर ई५-१६५० व्ही३ किंवा ई५-२६६७ व्ही४ बघा, कोअर कमी पण वेग जास्त. आणि व्ही१, व्ही२ मध्ये एव्हीएक्स२ (नंतरच्या प्रोसेसरमधला सूचनांचा संच) नाही, काही नवी सॉफ्टवेअर त्यावर उघडतच नाहीत.

व्ही३ चा टर्बो (वाढीव वेग) 'अनलॉक' करायला सुधारित बायोस टाकण्याचं वेड बरंच पसरलंय. मूळ बायोस प्रोग्रामर नावाच्या उपकरणानं वाचून जपून ठेवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मी स्वतः रोजच्या कामाच्या मशीनवर हे करत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत ई५ व्ही४ नाही. पळवाटेनं ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझ्याकडून जाणाऱ्या अशा मशीनवर मी लिनक्स घालून देतो. बँकेची किंवा जीएसटीची कामं त्याच पीसीवर करणाऱ्यांना तर माझा तोच आग्रह असतो.